‘देखेगा’ म्हणजे कोण, किती आणि कुणाच्या खर्चाने? करारातल्या क्रियापदांबद्दल वाचकांचे प्रश्न

इंदुरात घरी मराठी बोलणारी माणसं व्यवहाराचा कागद मात्र बहुतेक हिंदीत करतात. बोलताना जी क्रियापदं आपण सहज वापरतो तीच मग स्टॅम्प पेपरवर जातात : देखना, भेजना, लेना, उठाना. बोलण्यात ती चालतात, कारण समोरचा माणूस ओळखीचा असतो आणि शंका आली तर लगेच विचारता येतं. कागदाला विचारता येत नाही. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं अशाच क्रियापदांवर अडली आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमचा शेव-चिवड्याचा छोटा कारखाना आहे. पाऊच पॅकिंगचं मशीन दरमहा ३८,००० रुपये भाड्याने ३६ महिन्यांसाठी घेतलं. करार पुरवठादाराच्या छापील नमुन्यावर आहे. आम्ही पक्ष क्रमांक १, ते पक्ष क्रमांक २. कलम ४ म्हणतं, ‘बिजली और ऑपरेटर का खर्च पक्ष क्रमांक १ वहन करेगा।’ कलम ७ म्हणतं, ‘मशीन का रख-रखाव पक्ष क्रमांक २ देखेगा।’ पहिले १४ महिने त्यांचा कारीगर येऊन सीलिंगच्या जबड्यावरचं टेफ्लॉन, कटर, हीटर बदलून जायचा, कधी बिल आलं नाही. पंधराव्या महिन्यात सर्व्हो ड्राइव्ह (मोटर नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेला आणि आता ६४,००० रुपयांचं बिल आलं आहे. ते म्हणतात, ‘देखेगा’ म्हणजे माणूस पाठवू, सामानाचे पैसे तुमचे. बरोबर कोण?

उत्तर : तुम्ही कळवलं आहे त्यावरून पारडं तुमच्याकडे झुकतं. पण ‘देखेगा म्हणजे सगळं त्यांनीच करायचं, हे उघड आहे’ एवढ्यावर भिस्त ठेवू नका, कारण ते उघड नाही. पुरवठादार खोटं बोलतोय असंही समजू नका. त्याचा अर्थही त्या शब्दात बसतो.

आपल्या ‘बघणे’ सारखंच हिंदीतलं ‘देखना’ पसरट आहे. ‘बघून ये’ यात फक्त नजर टाकायची असते. ‘लग्नाचं जेवण मामा बघतील’ यात मामा आचारी ठरवतील, हवं-नको विचारतील, पण पैसे तेच देतील असं वाक्य सांगत नाही. ‘आईचं औषधपाणी धाकटा बघतो’ म्हटलं की खर्चही त्याचाच असं आपण समजतो. तुमच्या कलमातही हेच तीन अर्थ समोरासमोर उभे आहेत : तपासणं, करवून घेणं, आणि खर्चासकट जबाबदारी घेणं.

पहिला अर्थ लगेच बाद होतो. कलमात ‘मशीन देखेगा’ नाही, ‘रख-रखाव देखेगा’ आहे. ज्याचं कर्म वस्तू नसून काम असतं, ते ‘देखना’ निव्वळ नजरेचं राहत नाही. म्हणजे झगडा दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थात आहे, आणि तो क्रियापदाकडे कितीही टक लावून बघितलं तरी सुटणार नाही. आजूबाजूला बघावं लागेल.

आधी शेजारचं कलम. कलम ४ दोन्हीकडे कापतं. पुरवठादाराचा वकील म्हणेल, जिथे खर्च अभिप्रेत होता तिथे ‘वहन करेगा’ लिहिलं, कलम ७ मध्ये मुद्दाम वेगळा शब्द घेतला, म्हणून अर्थही वेगळा. युक्तिवाद हलका नाही. तुमच्या बाजूने उत्तर असं : भाड्याव्यतिरिक्त तुमच्यावर कोणते खर्च पडतील याची यादी करारात केली आहे, तिच्यात दोनच बाबी आहेत, आणि सुटे भाग त्यांत नाहीत. ६४,००० रुपयांची बाब कुणी यादीत घालायची विसरेल, पण वीजबिल आठवेल, हे व्यापारी माणसाला पटणारं नाही. दोन्हींत आम्हाला दुसरा युक्तिवाद वजनदार वाटतो.

त्याहून वजनदार आहे ते चौदा महिन्यांचं वागणं. करारातला शब्द खरोखर संदिग्ध असेल तर भांडणापूर्वी दोन्ही पक्षांनी तो कसा पाळला हे पुरावा म्हणून बघता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने गोध्रा इलेक्ट्रिसिटी कंपनी विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सांगितलं आहे. शब्द स्पष्ट असेल तर ही वाट बंद, हे लक्षात ठेवा. म्हणून तुमचं म्हणणं ‘शब्द आमच्या बाजूने स्पष्ट आहे, आणि नसला तरी चौदा महिने हाच अर्थ दोघांनी पाळला’ असं दोन पायऱ्यांचं हवं. आता जुने सर्व्हिस रिपोर्ट काढा. प्रत्येक भेटीत कोणता भाग बदलला आणि बिल आलं का, याची तारीखवार यादी करा. इथे एक अडचण निघू शकते. टेफ्लॉन, कटर, हीटर ही झिजणारी, स्वस्त बाब. पुरवठादार म्हणेल, किरकोळ सामान आम्ही ग्राहक सांभाळायला देत होतो. एखादी मोटर असा महागडा भागही विनामूल्य बदलल्याची एक नोंद सापडली तरी हा बचाव ढासळतो. उलट तुम्ही एखादं बिल गुपचूप भरलेलं असेल तर ते तुमच्याविरुद्ध जाईल. तेही आत्ताच शोधून ठेवा, कोर्टात समोरच्याने काढण्याआधी.

तिसरा आधार कराराबाहेरचा आहे. भाड्याने दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणं म्हणजे कायद्याच्या भाषेत निक्षेप. भारतीय करार कायदा, १८७२ ची कलमं १५१ आणि १५२ सांगतात की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घेतली असेल, तर वेगळा करार नसताना वस्तूच्या नुकसानीचा भार तुमच्यावर येत नाही. मशीन त्यांच्या मालकीचं आहे, ड्राइव्ह बदलल्यावर नवा ड्राइव्हही त्यांच्याच मालकीचा राहणार. तो तुम्ही विकत घेऊन त्यांना द्यावा, असं ‘देखेगा’ या शब्दातून काढणं जड आहे.

नमुना त्यांनी छापला, म्हणून संदिग्धता त्यांच्याविरुद्ध वाचावी, हा नियमही आहे. बँक ऑफ इंडिया विरुद्ध के. मोहनदास या २००९ च्या निकालात तो लावला गेला. पण तो शेवटचा आधार समजा. बाकी सगळं वाचून तराजू समान राहिला तरच तो कामाला येतो.

‘करार करताना त्यांच्या माणसाने तोंडी सांगितलं होतं’ हे चालेल का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. लेखी करारात भर घालायला किंवा तो बदलायला तोंडी बोलणं चालत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यातली कलमं ९१-९२ आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये ९४-९५ झाली आहेत, आणि हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मात्र स्थानिक, धंद्यातल्या किंवा विशिष्ट अर्थाने वापरलेल्या शब्दाचा अर्थ दाखवायला पुरावा देता येतो. जुन्या कायद्याच्या कलम ९८ खालचं उदाहरण गमतीचं आहे : एक शिल्पकार ‘माझे सगळे मॉड्स’ विकतो, त्याच्याकडे मॉडेल्सही आहेत आणि मॉडेलिंगची हत्यारंही, तर त्याला काय म्हणायचं होतं हे पुराव्याने दाखवता येतं. तेच आता कलम १०१. तुमच्या बाबतीत इथे उपयोगी पडेल ती पॅकिंग मशीन भाड्याने देणाऱ्या इतर दोन-तीन पुरवठादारांची साक्ष : भाड्याच्या व्यवहारात ‘रख-रखाव देखना’ म्हणजे धंद्यात काय समजतात? व्हॉट्सॲपवरची बोलणी द्यायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, नुसते फोटो छापून भागत नाही. फोन बदलू नका, चॅट पुसू नका.

आता पुरवठादाराचा सगळ्यात चांगला बचाव, ज्याकडे तुमचं पत्र बघतच नाही : ड्राइव्ह कशामुळे गेला? नमकीनच्या कारखान्यात हवेत तेलाचा अंश आणि मीठ-मसाल्याची धूळ असते, भट्टीची उष्णता असते. पॅनेलच्या पंख्याची जाळी तुंबली की आतली हवा तापते आणि ड्राइव्ह जळतो. व्होल्टेजचा झटका, नीट न केलेलं अर्थिंग, जॅममध्ये ऑपरेटरने पुन्हा पुन्हा रिसेट मारणं, यानेही जातो. जाळी साफ करणं रख-रखावात येतं, म्हणून ती तुंबली असेल तर दोष त्यांचा. अर्थिंग आणि वीज तुमची. ड्राइव्हच्या पडद्यावर फॉल्ट कोड साठलेले असतात : जास्त व्होल्टेज, जास्त तापमान, जास्त भार. ड्राइव्ह अजून उघडला नसेल तर कुणालाही रिसेट करू न देता ते कोड आणि पॅनेलची जाळी यांचे फोटो काढा. कारीगराच्या अहवालात बिघाडाचं कारण लिहून घ्या. काढलेला जुना भाग परत देताना पोच घ्या. हे हातात नसेल तर शब्दाच्या अर्थावर जिंकूनही निष्काळजीपणाच्या मुद्द्यावर हराल.

भाडं थांबवू नका. तुमची चूक नसताना ते निमित्त त्यांच्या हातात जाईल. मशीन बंद ठेवून रोजचं नुकसान मोजत बसणंही नको, कारण करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे नुकसानभरपाई ठरवताना तुम्हाला नुकसान टाळण्याचे कोणते मार्ग होते हे बघितलं जातं. एक लेखी पत्र द्या : कलम ७ प्रमाणे दुरुस्ती तुमच्या खर्चाने करा, मुदत ७ दिवस. ऐकलं नाहीच तर ‘आमचा हक्क राखून, आक्षेपासह’ असं पावतीवर आणि पत्रात लिहून पैसे भरा, मशीन चालू करा आणि रक्कम परत मागा. आक्षेपाशिवाय भरलेत तर पुढल्या २१ महिन्यांसाठी ‘देखेगा’ चा अर्थ तुम्हीच ठरवून दिलात.

आणि उरलेल्या मुदतीसाठी पुरवणी करार करून घ्या. हे वाक्य वापरता येईल : ‘पक्ष क्रमांक २ मशीन का नियमित रख-रखाव तथा हर प्रकार की मरम्मत अपने खर्च पर करेगा, इसमें पुर्जे, कारीगर की मजदूरी और आना-जाना शामिल है। सूचना के २४ घंटे में कारीगर पहुँचेगा। ७२ घंटे में मशीन चालू न हो तो उसके बाद बंद रहने के दिनों का किराया नहीं लगेगा। पक्ष क्रमांक १ की लापरवाही से हुई टूट-फूट इसमें शामिल नहीं।’ ‘मरम्मत’ हा शब्द विसरू नका. ‘रख-रखाव’ एकटा ठेवला तर पुढचं भांडण त्या नामावर होईल. शेवटचं वाक्य तुम्हाला नको वाटेल, पण ते असल्याशिवाय पुरवठादार सही करणार नाही, आणि ते न्याय्यही आहे.

प्रश्न : इंदूरच्या सियागंजातून नागपूरच्या व्यापाऱ्याला १२० कट्टे धने दिले. सौद्याच्या कागदावर ‘माल १५ तारीख तक भेजेंगे, भाव इंदौर लोडिंग।’ आम्ही १५ ला संध्याकाळी ट्रान्सपोर्टला माल टाकला. ट्रक निघाला १७ ला, पोहोचला १९ ला, ९ कट्टे भिजलेले. खरेदीदार उशिराचेही पैसे कापतोय आणि भिजलेल्याचेही.

उत्तर : ‘भेजना’ आणि ‘पहुँचाना’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. पाठवणं आपल्या दारातून संपतं, पोचवणं समोरच्याच्या दारात. पंधरापर्यंत पाठवायचं कबूल करणाऱ्याने पंधराला पोचवायला हवं होतं, हे म्हणणं टिकत नाही. शिवाय तुमचा भाव ‘इंदौर लोडिंग’ आहे, म्हणजे इंदुरात माल चढवेपर्यंतचा. तोच ‘नागपुर पहुँच’ असता तर हे उत्तर बरंच वेगळं झालं असतं, कारण भाव कुठला हे क्रियापदाइतकंच बोलतं.

माल विक्री कायदा, १९३० चं कलम ३९ तुमच्या कामाचं : विक्रेत्याने माल पाठवायचा असेल तेव्हा तो वाहतूकदाराच्या हाती देणं म्हणजे सकृद्दर्शनी खरेदीदारालाच देणं. पण त्याच कलमाची दुसरी बाजू आहे. मालाचं स्वरूप बघून वाहतूकदाराशी वाजवी व्यवस्था करणं तुमच्यावर आहे, आणि ती केली नसेल तर खरेदीदार ‘वाहतूकदाराला दिला म्हणजे मला दिला’ हे नाकारू शकतो. पावसाळ्यात धने पाठवताना ताडपत्री सांगितली होती का? बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, तशी नोंद आहे का? भिजलेल्या ९ कट्ट्यांचा निकाल या एका नोंदीवर जाईल.

उशिराच्या मुद्द्यावर बिल्टीची तारीख बघा. १५ ची असेल तर तुम्ही ‘पाठवला’. ट्रान्सपोर्टवाल्याने माल १५ ला उतरवून घेतला पण बिल्टी १७ ला फाडली असेल तर गोदामातल्या पोच-चिठ्ठीवर लढावं लागेल, आणि ती पुष्कळदा हिशेबाच्या वहीतला कागद असते. ई-वे बिल (माल नेताना जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद) मदत करतं, पण जपून वाचा. भाग ‘अ’ वरची तारीख तुम्ही माहिती भरली त्या दिवसाची, माल निघाल्याची नव्हे. भाग ‘ब’ मध्ये गाडीचा नंबर येतो, म्हणून खरेदीदार तोच दाखवून १७ म्हणेल. त्याला उत्तर हे की एकाच राज्यात ५० किलोमीटरच्या आत असलेल्या वाहतूकदाराकडे माल नेईपर्यंत भाग ‘ब’ भरण्याची सक्ती नाही. सियागंज ते ट्रान्सपोर्टचं गोदाम त्याच्या फार आत बसतं. भाग ‘ब’ उशिरा भरला म्हणजे तुम्ही उशिरा पाठवलं असं होत नाही.

पुढल्या सौद्यात ‘भेजेंगे’ काढून टाका. लिहा : ‘१५ तारीख शाम ६ बजे तक माल ट्रान्सपोर्टर को सौंपकर बिल्टी की फोटो भेजी जाएगी, उसके बाद की देरी और जोखिम खरीदार की।’ खरेदीदाराला हे मान्य नसेल तर भाव ‘पहुँच’ चा ठरवा आणि तेवढा वाढवून घ्या. जोखीम कुणीतरी घ्यायचीच असते. ती भावात दिसली की भांडण उरत नाही.

प्रश्न : भागीदारी करारात ‘विवाद होने पर पक्षकार पंच के पास जा सकते हैं’ आहे. एक भागीदार थेट कोर्टात गेला. त्याला लवादाकडे यायला भाग पाडता येईल?

उत्तर : बहुधा नाही. ‘जा सकते हैं’ ही मुभा आहे, बंधन नाही. वेलिंग्टन असोसिएट्स विरुद्ध किरीट मेहता या २००० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा ‘शकतो’ वर बंधनकारक लवाद करार उभा राहत नाही असं धरलं. जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर, २००७, यातही भागीदारीचाच करार होता. त्यात लवादाकडे न्यावा असं लिहिलं होतं, पण ‘पक्षकारांनी तसं ठरवल्यास’ ही पुस्ती होती, म्हणून तोही लवाद करार ठरला नाही. दोघांची आजही तयारी असेल तर नव्याने लेखी करार करून लवादाकडे जाता येतं. करार नव्याने लिहाल तेव्हा ‘विवाद एकमात्र मध्यस्थ को सौंपा जाएगा और उसका निर्णय अंतिम होगा’ एवढं पुरेसं आहे (‘मध्यस्थ’ इथे लवाद या अर्थाने); सोबत मध्यस्थ कसा नेमायचा आणि ठिकाण इंदूर, हेही लिहा. ‘पंच’ या शब्दाने गावच्या समजुतीची बैठकही सूचित होते, तो टाळलेला बरा.

प्रश्न : शर्ट शिवण्यासाठी एका गिरणीकडून २,४०० मीटर कापड घेतलं. दारावरच्या पहारेकऱ्याने चलनावर ‘माल सही मिला’ असा शिक्का मारून सही केली. धुऊन बघितलं तर रंग उतरतो. गिरणी म्हणते, तुम्ही माल स्वीकारलात. काही कापड आम्ही कापलंही आहे.

उत्तर : आधी कात्री थांबवा. बाकीचं नंतर वाचा.

‘मिला’ आणि ‘स्वीकार किया’ एक नाहीत. मिळणं म्हणजे गठ्ठे आले, नग मोजले. रंग पक्का आहे की नाही हे पहारेकरी दारात सांगू शकत नाही, आणि ‘सही’ या शब्दाने तो फार तर गठ्ठ्यांची संख्या बरोबर असल्याचं सांगतो. माल विक्री कायद्याचं कलम ४१ तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत स्वीकार धरत नाही. पण कलम ४२ प्रमाणे, माल ताब्यात आल्यावर विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असं काही केलं, किंवा वाजवी काळ काही न कळवता माल ठेवून घेतला, तर स्वीकार झाला. कापड कापणं हे पहिल्या प्रकाराचं ठळक उदाहरण. म्हणून कापलेले मीटर आणि न कापलेले मीटर आजच वेगळे मोजून लिहा. न कापलेल्या ताग्यांबद्दल नकार कळवा; मात्र सौदा अविभाज्य असेल तर काही भाग स्वीकारल्यावर उरलेलाही नाकारता येत नाही, असं कलम १३ दाखवून गिरणी म्हणू शकते. कापलेल्याबद्दल नकाराचा हक्क गेला असला तरी कलम ५९ प्रमाणे किमतीत कपात मागण्याचा हक्क जात नाही.

गिरणी नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर आणखी एक घड्याळ चालू आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी आक्षेप नसेल तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस धरतात. पैसे देण्याची मुदत त्यावरून मोजली जाते, जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने महिन्याच्या चक्रवाढीचं व्याज लागतं. फोनवर केलेली तक्रार लेखी आक्षेप नव्हे. ईमेल करा, सोबत प्रत्येक तागा क्रमांक, धुलाईआधी-नंतरचे फोटो आणि किती अंशांच्या पाण्यात किती वेळ धुतलं ते लिहा. ताग्याचा एक मीटर न धुता सीलबंद ठेवा, तपासणी प्रयोगशाळेला तो लागेल.

आणि दारावरचा शिक्का बदला : ‘गठान संख्या प्राप्त। गुणवत्ता की जाँच बाकी।’